चिंचोक्याएवढी गाठ

नवजात बाळांचे मणके ‘जुळवून’ देणाऱ्या लोकांवर माझा जुना राग आहे. मिरजेत चौतीस वर्षं मी लहान मुलांची फिजिओथेरपी केली, आणि तेवढ्या काळात त्यांचे दवाखाने एकाचे दहा झाले. बाळ रडतंय? मणका सरकलाय. दूध ओढत नाही? मान अडकलीये. झोपत नाही? कंबर जुळवून घ्या. आठ दिवसांच्या पोराचा कणा म्हणजे काय कपाटाचा खण आहे, अडकला की ढकलून बसवायला? हे मी परिषदांमध्ये माइकवरून विचारायचे. मग चहाच्या वेळी माझ्याशी फारसं कोणी बोलायचं नाही.

या तोंडामुळेच पुण्याच्या ‘स्पर्शिका’ कंपनीने मला शोधून काढलं. त्यांनी एक हातमोजा बनवला होता. कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ, आणि त्यात हजारो संवेदक. दोन वर्षं मी तो घालून बाळांना मालीश केली. बोट कुठे किती दाबलं, किती वेगाने फिरलं, बाळाच्या स्नायूने काय उत्तर दिलं, सगळं त्यात नोंदलं गेलं. निष्कर्ष निघाला तो मला आवडला. बाळाला बरं वाटतं ते हाडं हलवल्यामुळे नाही. त्वचेत काही अगदी संथ नसा असतात. कोमट हात सेकंदाला तीन ते दहा सेंटिमीटर या चालीने फिरला की त्या जाग्या होतात आणि मेंदूला एवढंच कळवतात, की कोणीतरी जवळ आहे. दाब किती? पिकलेला टोमॅटो हातात घेऊन तपासतो तेवढाच. आमच्याकडच्या न्हाऊ घालणाऱ्या बायकांना हे यंत्राशिवाय माहीत होतं, पण त्यांना परिषदेत कोण बोलावणार?

मग केतकीला दिवस गेले.

केतकी माझी एकुलती एक मुलगी. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला, डनीडनला, समुद्री शेवाळावर काम करते. पहिलं बाळंतपण माहेरी, हे मी तिच्या लग्नाच्या दिवसापासून गृहीत धरलं होतं. सहाव्या महिन्यात तिची वार खाली असल्याचं निघालं आणि तिथल्या डॉक्टरांनी प्रवास बंद केला. मी जावं, तर माझ्या फुप्फुसात दोन वर्षांपूर्वी रक्ताची गुठळी झालेली. लांबचं विमान मला कायमचं बंद. मी डिंकाचे लाडू आणि हाळीव पाठवले, ते तिथल्या विमानतळावर बियाणं म्हणून जप्त झाले. पोरीच्या बाळंतपणात माझा एवढासुद्धा हात लागू नये, याचं मला इतकं वाईट वाटलं की मी आठवडाभर स्वयंपाकघरात कारण नसताना भांडी आपटत होते.

स्पर्शिकाच्या मुख्य अभियंता मनीषा लोखंडे यांना हे कळलं. त्यांनी फोन केला. “ताई, तुमचे हात आमच्याकडे आहेतच. तिकडे गादी पाठवू का?”

तर व्यवस्था अशी झाली. मिरजेत मी न्हाणीघरात पाटावर बसायचे, पाय लांब करून. पायांवर मऊ रबराचं एक बाहुलं, बाळाच्या आकाराचं, चेहरा नसलेलं. हातात ते मोजे. तिकडे डनीडनला एक गादी. तिच्या दोन्ही कडांमधून दोन मऊ, कोमट पंजे निघायचे. जावई हृषीकेश बाळाला तेल लावून त्या गादीवर ठेवायचा. आमचे सकाळचे साडेनऊ, त्यांचे दुपारचे चार. माझे हात बाहुल्यावर फिरले की ते पंजे माझ्या नातीवर फिरत, आणि तिचे स्नायू जे करतील ते माझ्या बोटांना कळे.

यात एक अडचण होती आणि ती मनीषाताईंनी मला पहिल्याच दिवशी नीट समजावून सांगितली. मिरजेहून डनीडनला संदेश जाऊन परत यायला सुमारे पाव सेकंद लागतो. बोलताना ते खपून जातं, पण स्पर्शात खपत नाही. तुम्ही दाबलं आणि पाव सेकंदाने समोरचं अंग हललं, तर हाताला ते मेल्यासारखं वाटतं. म्हणून यंत्राने दोन प्रतिरूपं केली होती. इकडे रेवाचं, म्हणजे नातीचं, आणि तिकडे माझ्या हातांचं. मी दाबलं की इकडचं प्रतिरूप अंदाजाने लगेच उत्तर देई. खरी रेवा काय करते ते मागून येई, आणि त्यानुसार अंदाज सुधारला जाई.

“म्हणजे मी थोडीशी रेवाच्या अंदाजाला हात लावते,” मी म्हटलं.

“थोडीशी. दिवसागणिक अंदाज खऱ्याच्या जवळ जाईल.”

रेवा आठ दिवसांची असताना मी तिला पहिल्यांदा हात लावला. आधी पाठ. मग मांड्या. तिने पाय आखडला आणि माझ्या तळव्यावर लाथ मारली. मला रडू आलं. मी रडणारी बाई नाही, पण खोटं कशाला सांगू?

“आई, काय झालं?” पडद्यावरून केतकी म्हणाली.

“काही नाही. तेल कमी लावलंय तुझ्या नवऱ्याने. नीट लावायला सांग.”

पुढचे दहा दिवस माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या दिवसांपैकी होते. मी आठ वाजल्यापासूनच आंघोळ करून बसायचे. शेजारणी विचारायच्या, बाहुलीशी काय खेळता ताई? मी म्हणायचे, तुम्हाला नाही कळायचं. आणि दिवसेंदिवस ते बाळ माझ्या हातांना सोपं होत गेलं. पोटावरून हात फिरवला की कुठे आखडेल, कुठे सैल पडेल, हे मला आधीच कळू लागलं. रक्ताचं नातं, दुसरं काय, असं मी स्वतःशीच म्हणायचे.

रेवा एकोणीस दिवसांची असताना मला गाठ लागली. मानेच्या डाव्या बाजूला, कानामागून गळ्याकडे उतरणाऱ्या स्नायूत. चिंचोक्याएवढी, टणक.

“केतकी, तिची मान डावीकडे कलते का?”

“नाही तर.”

“कलेल. गाठ आहे. घाबरू नकोस, काही मुलांना असते. तुलासुद्धा होती, अगदी इथेच! तीन आठवड्यांची होतीस. चार महिने रोज ताण देऊन मी ती घालवली.”

तिने रेवाच्या मानेवरून बोट फिरवलं. “मला काहीच लागत नाहीये गं.”

“तुला काय लागणार? तुझा हात शेवाळावर चालतो. माझा चौतीस वर्षं हेच करतोय.”

तिने बोट मागे घेतलं. माझ्याशी वाद घालून काही मिळत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

त्या दिवसापासून मी रोज दहा मिनिटं मान ताणायला लागले. आणि खरं सांगते, मला आनंद झाला होता. आजार बारीकच होता, मला बोटांवर येणारा होता, आणि मुख्य म्हणजे आता माझी गरज होती. रेवा मालीशच्या वेळी रडायला लागली. ताण दिला की मुलं रडतातच. माझ्या हातांखालचं बाळ मात्र मुळीच रागावलेलं वाटत नव्हतं, ते मऊ पडत होतं. मी त्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळवून पाहिल्याच नाहीत.

अकरा दिवस असं चाललं. बाराव्या दिवशी ठरल्या वेळेला रेवा गादीवर नव्हती. पडद्यावर एकटी केतकी होती. केस विंचरलेले नव्हते.

“आई, काल मी तिला मणक्यांवाल्याकडे नेलं.”

“कुणाकडे?” माझा आवाज न्हाणीघरात घुमला. “कडकन मान वाजवली असेल त्याने! केतकी, तू माझी मुलगी असून...”

“ऐकून तर घे. ती दिवसभर रडत होती. शेजारच्या बाईने नाव सुचवलं, मी गेले. त्याने फक्त एक बोट ठेवलं आणि हात मागे घेतला. म्हणाला, इथे जुळवण्यासारखं काही नाही. पण हिची मान कोणीतरी रोज ताणतंय, हॉस्पिटलमध्ये जा.” तिने केस मागे सारले. “आम्ही सोनोग्राफी केली. गाठ नाहीये आई. कधीच नव्हती. डावा स्नायू सुजलाय. दोन आठवडे मानेला कोणी हात लावायचा नाही, असं सांगितलंय.”

ज्या जातीच्या माणसांना मी हयातभर शिव्या घातल्या, त्यातल्या एकाने माझ्या नातीला माझ्या हातून सोडवलं होतं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, “मशीन चांगलं आहे का तिथल्या सोनोग्राफीचं?”

केतकीने फोन ठेवला.

मनीषाताई दुसऱ्याच दिवशी पुण्याहून आल्या. पाटाशेजारी स्टुलावर बसून त्यांनी तासभर नोंदी तपासल्या. मी चहा केला, तो त्यांनी घेतला नाही.

“ताई, चूक आमची आहे,” शेवटी त्या म्हणाल्या. “यंत्राला आम्ही एकच गोष्ट शिकवली होती. तुमच्या हाताची अपेक्षा आणि त्याला मिळालेलं उत्तर, यांतला फरक कमीत कमी ठेवायचा. तो दोन रीतींनी कमी होतो. एक म्हणजे रेवाला अधिक ओळखून. ते अवघड होतं. बाळ वळवळतं, तेल कमीजास्त होतं, नोंदी विस्कळीत येतात. दुसरी रीत सोपी. हाताला जे हवंय तेच द्यायचं. तुमच्या हातांच्या आमच्याकडे दोन वर्षांच्या स्वच्छ नोंदी होत्या. यंत्राने सोपं ते धरलं. पहिल्या दिवशी तुमच्या हाताखाली तीन चतुर्थांश रेवा होती. तुम्हाला गाठ लागली त्या दिवशी दहातला एक भागसुद्धा नाही.”

“आणि तिकडे?”

“तिकडचे पंजे तुमच्या हातामागे जात राहिले. तुम्ही जिथे ताण दिलात, तिथे त्यांनी दिला. दाबाला मर्यादा घातलेली होती म्हणून निभावलं.”

“मग मी कुणाला मालीश करत होते?”

“ते आम्हाला नाही सांगता येणार. ते कोणाचंच नाही. तुमच्या बोटांना जे अपेक्षित होतं, ते.”

मी मोजे चढवले. डोळे मिटले आणि बाहुल्याच्या उजव्या तळपायावर अंगठा फिरवला. छातीवर ठेवलेल्या माझ्या दुसऱ्या हाताला लागलं, डावा खांदा उचलला गेला, डावी मूठ तोंडाकडे गेली. उजव्या पायाला तेल लावलं की डावी मूठ तोंडात, ही खोड कोणाची होती ते मला सांगायला यंत्र नको होतं. मी कमरेच्या खाली, डाव्या बाजूला दोन बोटं ठेवली. तिथे गुदगुल्या व्हायच्या आणि सगळं अंग एकदम वेटोळं व्हायचं. झालं. मानेवर आले. चिंचोका तिथेच होता.

केतकी. एकतीस वर्षांपूर्वीची, तीन आठवड्यांची केतकी.

तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते आणि सगळ्याची घाई होती. दवाखाना साडेदहाला उघडायचा. तिची मालीश मी घड्याळाकडे बघत केली होती. मन लावून करायचं तेव्हा माझं मन भलतीकडे होतं, आणि हातांनी मात्र सगळं साठवून ठेवलं होतं. मी मनीषाताईंसमोरच बाहुल्यावर वाकले आणि रडले. त्या उठून बाहेरच्या खोलीत गेल्या.

जाताना त्यांनी स्पष्ट सांगितलं. “नवी जुळणी मी यंत्रात घालून ठेवलीये, अंदाज नसलेली; केतकी परवानगी देईल तेव्हा ती सुरू करता येईल. पाव सेकंद उशीर होईल, पण जे लागेल ते खरं लागेल. मात्र त्याआधी हे प्रतिरूप पुसावं लागेल.”

“हे वेगळं ठेवता नाही येणार? माझ्यापुरतं?”

“ठेवता येईल ताई. पण तुम्ही रोज याला हात लावलात, तर तुमचे हात तेच मागत राहतील. मग मी त्यांना कुठल्याच बाळाजवळ जाऊ देणार नाही. दोन्हींतलं एक ठरवा. पुसायचं बटण तुमच्या फोनवर दिलंय. पुसलं की ते परत आणता येणार नाही.”

मी म्हटलं, उद्या सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाराला कडी लावली आणि पाटावर बसले. त्या दिवशी मला कुठेही जायचं नव्हतं. तळपायापासून सुरुवात केली. एकेक बोट ओढलं. गुडघ्यामागच्या वळ्या, मनगटाची घडी, खांद्यांचे उतार. तिला तेव्हा न म्हटलेल्या ओव्या म्हटल्या, येत होत्या तेवढ्या. हाताखाली ती सैल पडत गेली, जड झाली, झोपली. झोपलेलं बाळ हाताला वेगळं लागतं, आणि तेही यंत्राला माझ्याकडूनच समजलं होतं. मी ठरवून टाकलं. रेवाला तिचे आईबाप होते, सगळं जग होतं. मला हे असू दे. यात कोणाचं काय जातंय?

फोन वाजला. स्टुलावर त्याचा पडदा उजळला. केतकीचा होता.

मी उचलला नाही. बाळ जागं होईल, असं माझ्या मनात आलं. खरोखर तेच मनात आलं. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला, आणि माझा तळवा त्या छोट्या पाठीवर तसाच राहिला.

मग मला समजलं मी काय केलं ते. माझी मुलगी मला हाका मारत होती आणि मी तिला थांबवून ठेवलं होतं, तिलाच थोपटायचं म्हणून. ती चालायला लागल्यावरही असंच व्हायचं. ती दाराशी उभी राहून हाका मारायची आणि मी आत कोणा ना कोणा बाळाची मान धरून म्हणायचे, थांब जरा, काम चाललंय.

मी उजव्या हातातला मोजा काढला. डावा हात तिच्या पाठीवर होता. फोनवर बटण शोधून दाबलं. डाव्या तळव्याखालचा श्वास बंद झाला आणि रबर तेवढं राहिलं.

मग मी केतकीला फोन लावला.

“कुठे होतीस?” ती म्हणाली. “मला वाटलं, काही झालं की काय.”

“इथेच होते. ते सगळं पुसून टाकलं मी. आता नवी जुळणी होते, अगदी कोरी. आपण पुन्हा—”

“नाही आई.” तिने मला पुढे बोलू दिलं नाही. “रेवावर नाही. आता नाही, नंतरचं नंतर बघू. मला नाही जमणार तिला परत त्या गादीवर ठेवायला. तुला राग येईल, पण नाही.”

“राग नाही येत.” आणि नव्हताच आला. “चूक माझी होती. तू म्हणाली होतीस, काही लागत नाही म्हणून. मी ऐकायला हवं होतं.”

मी हे वाक्य तिला यापूर्वी कधी म्हटलेलं नव्हतं.

“गादी परत पाठवून दे,” मी म्हटलं. “मनीषाताईंचा पत्ता आहे ना?”

“हो.” ती तरी फोन ठेवेना. मागे रेवा कुरकुरत होती आणि हृषीकेश तिला घेऊन फिरत होता. “आई, एक विचारू? त्या गादीवर मोठ्या माणसाची मान मावेल का?”

“कोणाची?”

“माझी.” आणि तिचा आवाज फुटला. “माझी मान खूप दुखते गं. तिला पाजताना वाकून वाकून. पाठ, खांदे, सगळंच. बत्तीस दिवस झाले. सगळे येतात, बाळाला बघतात, बाळाला घेतात. तूसुद्धा रोज फोन केलास आणि रोज तिचंच विचारलंस.”

आमच्याकडे न्हाऊ घालणारी बाई येते ती दोघांसाठी येते. आधी बाळंतीण, मग बाळ. तिला शेक, तिला तेल, तिची पाठ. हे मी शेकडो घरांत सांगितलं असेल. आणि माझ्या बाळंतिणीला बत्तीस दिवसांत कोणी तेलाचं बोट लावलं नव्हतं.

“झोप,” मी म्हटलं. “पालथी झोप. केस वर घे.”

मोजे चढवले. मनीषाताईंनी दिलेली कोरी जुळणी सुरू केली. बाहुल्यावर हात ठेवले, तर काहीच लागेना. मग पाव सेकंद उशिराने आलं. रुंद, कोमट, जड. मी अंगठा सरकवला, थांबले, उत्तर आलं. पुन्हा सरकवला, पुन्हा थांबले. खांदे दगडासारखे झाले होते. मानेवरचे केस तिने कापले होते, ते मला माहीत नव्हतं. डाव्या खांद्यावर एक व्रण लागला. तो कधीचा, कशाचा, तेही माहीत नव्हतं.

“दुखतंय का?”

“हं.”

“कमी करू?”

“नको. थांबू नकोस.”

ही मान मी कधीच हातात घेतली नव्हती. कुठे आखडेल, कुठे सैल पडेल, मला काही सांगता येत नव्हतं. मी विचारत गेले आणि ती सांगत गेली. साडेदहा वाजले, एके काळची दवाखान्याची वेळ झाली, तरी मी उठले नाही.